ईयोबाची बैठक आणि चौथा बाक: पाळक, वडील व पंच यांस खुले पत्र

प्रति,
मराठी मंडळ्यांचे सन्माननीय पाळक, वडील व पंच यांस,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

या पत्रात मी माझ्या मंडळीचे नाव लिहिलेले नाही आणि माझेही लिहिणार नाही. कोणा एका पाळकांची तक्रार करायची असती तर त्यासाठी वरिष्ठांकडे अर्ज करता आला असता. आणि ज्यांच्या वागण्याविषयी मी लिहिणार आहे ती माणसे दुष्ट असती, तर लिहिण्याची गरजच पडली नसती. ती भली माणसे आहेत. माझ्या पडत्या काळात त्यांनी दोनदा घरात किराणा भरला, पत्नीच्या औषधांसाठी वर्गणी काढली, आमच्यासाठी उपास धरून प्रार्थना केली. हे सारे करत असतानाच मंडळीतली माझी जागा त्यांच्या हातून काढून घेतली गेली, आणि ती काढून घेतली हे त्यांना आजही ठाऊक नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे, कारण असे फक्त माझ्याच बाबतीत झाले असेल असे मला वाटत नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे खते-बियाण्यांचे दुकान होते. लागोपाठ दोन हंगाम पावसाने दगा दिला, उधारी वहीतच राहिली, कंपन्यांचे देणे मात्र तारखेला दारात उभे राहिले, आणि एका सकाळी बँकेची जप्तीची नोटीस शटरवर चिकटलेली साऱ्या बाजाराने पाहिली. त्यानंतर तीन महिन्यांनी पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. मंडळीत मी अकरा वर्षे खजिनदार होतो, दर रविवारी दानाची थैली फिरवत असे आणि उपासनेआधी तासभर संडे स्कूलचा एक वर्ग घेत असे. नोटीस लागल्यावर पंचांनी हिशेबाच्या वह्या आणि कपाटाची किल्ली परत मागितली. त्यात मला काही गैर वाटले नाही, आजही वाटत नाही. ज्याच्या दारात घेणेकरी उभे आहेत त्याच्या हाती देवाच्या घरचा पैसा ठेवू नये हे शहाणपणच आहे, आणि अध्यक्षाची बाहेरच्या लोकांतही चांगली साक्ष असावी असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितलेलेच आहे. पण किल्लीपाठोपाठ वर्गही गेला. 'तुम्ही आता जरा आराम करा, घरी आजारी माणूस आहे,' असे पाळकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितले. त्या शब्दांत माया होती, म्हणून मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. दुसरे गीत चालू होते आणि थैली फिरत होती, तीच हिरव्या मखमलीची, लाकडी दांड्याची, जिची शिवण उसवली तेव्हा माझ्या पत्नीनेच घातली होती. थैली धरणारा तरुण माझ्या वर्गात शिकलेला. पवित्र शास्त्रातील सहासष्ट पुस्तकांची नावे मी त्याच्याकडून बोटांच्या पेरांवर पाठ करून घेतली होती. मी चौथ्या बाकावर होतो. वीस रुपयांची नोट चार घड्या करून तळहातात धरली होती. थैली तिसऱ्या बाकावरून आली, माझ्यासमोर क्षणभर थबकली आणि सरळ पाचव्या बाकाकडे गेली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याचे कान लाल झाले होते. मला देण्याची अडचण वाटू नये म्हणून त्याने तसे केले, हे मला तेव्हाही कळले. घामाने ओली झालेली ती नोट मी घरी परत आणली.

बाजारात आम्ही 'पत' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. उधारीवर माल मिळतो तो पतीवर, आणि लग्नकार्यात चार माणसे विचारतात तेही पतीवरच. त्या रविवारपर्यंत माझी समजूत अशी होती की बाजारातली पत बुडाली तरी देवळातली शिल्लक राहते, कारण तिचे खाते वेगळे असते. तसे नव्हते.

मग मी पवित्र शास्त्रातले ईयोबाचे पुस्तक वाचायला घेतले, सारे काही गमावून बसलेल्या त्या नीतिमान माणसाचे. आपण सर्वांनी त्यावर उपदेश ऐकले आहेत आणि पुष्कळांनी केले आहेत. ते उपदेश बहुधा पहिले दोन अध्याय आणि शेवटचा अध्याय एवढ्यावरच उभे असतात: सात हजार मेंढरे गेली, चौदा हजार मिळाली, तीन हजार उंट गेले, सहा हजार मिळाले, धीर धरा म्हणजे दुप्पट मिळेल. मधले एकोणचाळीस अध्याय आपण घाईने उलटतो. मी ते सावकाश वाचले आणि माझ्या ध्यानात आले की ईयोब आपल्या मेंढरांसाठी त्यांत कुठेच रडत नाही. फोडांविषयी तो बोलतो, रात्रीच्या वेदनांविषयी बोलतो. पण एकोणतिसाव्या आणि तिसाव्या अध्यायांत, आपले शेवटचे लांब भाषण करताना, त्याच्या मनातली सर्वांत खोल जखम उघडी पडते, आणि ती जागेची आहे. मी नगराच्या वेशीकडे जाई, चौकात माझी बैठक मांडली जाई, मला पाहून तरुण बाजूला होत, म्हातारे उठून उभे राहत, सरदार बोलता बोलता थांबून तोंडावर हात ठेवीत, असे तो सांगतो. त्या बैठकीवरून तो काय करीत असे हेही तो सांगतो: आंधळ्याचे डोळे आणि लंगड्याचे पाय होई, परक्याच्या वादाची चौकशी करी, शोक करणाऱ्यांचे सांत्वन करी. आणि मग तिसावा अध्याय 'पण आता' अशा वळणाने सुरू होतो. आता माझ्याहून वयाने लहान असलेले मला हसतात, माझ्यावर गाणी रचतात, माझ्यापासून दूर उभे राहतात, माझ्या तोंडावर थुंकायला कचरत नाहीत. माझी प्रतिष्ठा वाऱ्याने उडवून नेली.

वेस म्हणजे तेव्हा केवळ गावात शिरण्याची जागा नव्हती. न्यायनिवाडा तेथे होई, सौदे तेथे पक्के होत. रूथच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात बवाज वेशीतच जाऊन बसतो, गावचे दहा वडील बोलावतो आणि जमिनीचा व रूथचा प्रश्न त्यांच्यासमोर सोडवतो. ज्याची वेशीत बैठक आहे त्याच्या शब्दावर दुसऱ्याचे भले होऊ शकते, आणि बैठक गेली म्हणजे नुसता मान जात नाही, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा अधिकारही जातो. ईयोबाला ते अधिक झोंबले असावे असे मला वाटते.

एकोणिसाव्या अध्यायात तो आणखी जवळच्या गोष्टी सांगतो. भाऊ दूर झाले, ओळखीचे परके झाले, घरी उतरणारे पाहुणे विसरले, चाकराला हाक मारली तर तो ओ देत नाही, बायकोला माझा श्वासही नकोसा झाला, लहान पोरे मी उठू लागलो की माझ्याविषयी बोलू लागतात. या ओळींचा क्रम कोणी कल्पनेने रचलेला नाही. ज्याच्या दारावर नोटीस लागली आहे त्याला तो ओळखीचा वाटतो. आधी दूरचे सुटतात, मग हाताखालचे, मग आतले. याच अध्यायात तो म्हणतो की देवाने माझे वैभव माझ्या अंगावरून उतरवून घेतले. तेथे मूळ हिब्रूत जो शब्द आहे, 'कावोद', त्याच्या मुळाशी जड असण्याचा अर्थ आहे. आपण मराठीत 'त्या माणसाचे गावात वजन आहे' म्हणतो, अगदी तसा. आणि ज्याचा मान जातो तो हलका ठरतो, आपण त्याला हलके लेखतो. एली याजकाच्या घराण्याविषयी पहिल्या शमुवेलात परमेश्वर बोलतो तेथेही मान देणे आणि हलके होणे हीच जोडी येते.

येथे एक कडू गोष्ट लिहिल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तिसाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत ईयोब म्हणतो की जे आज मला हसतात, त्यांच्या बापांना मी माझ्या कळपाच्या कुत्र्यांबरोबरही ठेवले नसते. पुढे तो त्या लोकांचे वर्णन करतो: माणसांतून हाकलून दिलेले, चोराच्या मागे ओरडावे तसे ज्यांच्यामागे लोक ओरडतात, दऱ्याखोऱ्यांत आणि जमिनीतल्या बिळांत राहणारे, झुडपांच्या मुळ्यांवर जगणारे. त्यांना कोणी हाकलले हे तो सांगत नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे गावाच्या वेशीबाहेर राहत होते, हे आपण जाणतो, जरी अलीकडे ते बोलून दाखवणे आपल्याला फारसे आवडत नाही. वेशीतली बैठक म्हणजे काय हे त्यांनी बाहेरून पाहिले होते. म्हणून ही ओळ मराठी ख्रिस्ती माणसाला दुहेरी टोचते. ज्या न्यायी माणसाच्या पडण्याने आपण हळहळतो, त्याच्या मानाच्या पायाखालीही कोणीतरी दबलेला होताच. पुढच्याच अध्यायात हाच ईयोब म्हणतो की माझा दास आणि मी एकाच निर्माणकर्त्याने गर्भात घडवलेले आहोत, त्याची फिर्याद मी कधी धुडकावली नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडची आहेत. माणूस राखेत बसला म्हणजे त्याचे सर्व पूर्वग्रह एका रात्रीत जळून जात नाहीत, आणि शास्त्र ते झाकूनही ठेवत नाही. मी स्वतः खजिनदार असताना, वर्गणी थकलेल्या कुटुंबांची नावे वार्षिक सभेत मोठ्याने वाचून दाखवली आहेत. नियमच तसा होता. ज्यांची नावे मी वाचली, त्यांतली दोन घरे नंतर देवळात दिसेनाशी झाली, आणि मी कधी त्यांच्या दारी जाऊन विचारले नाही.

आता ईयोबाच्या मित्रांविषयी. त्यांचा एक गुण आपल्या उपदेशांत सांगितला जातो, आणि तो खरा आहे: ते आले, दुरून त्याला ओळखू शकले नाहीत, रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. त्यांची चूक तोंड उघडल्यावर सुरू झाली. अलीफजाने आधी सौम्यपणे विचारले की निर्दोष माणूस कधी नाश पावला आहे काय. बिल्ददाने मेलेल्या मुलांनाच पापी ठरवले. सोफर म्हणाला की तुझ्या अपराधाच्या मानाने तुला शिक्षा कमीच झाली आहे. पण मला सर्वांत भयंकर वाटतो तो बाविसावा अध्याय. वाद हरत चालला तेव्हा सौम्य स्वभावाचा तोच अलीफज ईयोबाची पापे मोजून दाखवू लागतो: तू भावांकडून विनाकारण गहाण घेतलेस, उघड्यांची वस्त्रे काढून घेतलीस, तान्हेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलेस. यातले काहीही घडलेले नाही. पहिल्या अध्यायात खुद्द देवानेच ईयोब निर्दोष असल्याचे सांगितले आहे. तरीही अलीफजाला ही पापे रचावी लागतात, कारण त्याच्या हिशेबात दुःख आहे तर पाप असलेच पाहिजे, आणि जमाखर्च जुळत नसेल तर तो खोटी नोंद करून जुळवतो. अकरा वर्षे हिशेब ठेवले असल्याने हा प्रकार मला चांगला ओळखू येतो. माझ्याविषयीही मंडळीत अशा नोंदी झाल्या. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, नीट दिला नसेल. घरात कौटुंबिक प्रार्थना होत नसेल. मुलगी बाहेर दिली ना, त्याचेच हे फळ.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही येशूला हेच विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशूने तो जमाखर्चच मोडून टाकला. त्याच गोष्टीत पुढे जे घडते ते मात्र आपण फारसे वाचत नाही: दृष्टी आलेल्या त्या माणसाला धर्मपुढारी 'तू तर सर्वस्वी पापात जन्मलास' असे सुनावून सभास्थानाबाहेर घालवतात, आणि येशू त्याला पुन्हा शोधून काढतो.

ईयोबाच्या बायकोविषयीही दोन शब्द. दहा मुले तिचीही गेली होती. तिच्या वाट्याला पुस्तकात एकच वाक्य आले, आणि त्या एका वाक्यावर आपण किती उपदेश झोडले आहेत. नवऱ्याची बैठक गेली तेव्हा पाणवठ्यावर तिच्याशी कोण बोलत होते, हे कोणी विचारत नाही. माझी पत्नी बोलू लागल्यावर तिने अडखळत विचारलेला पहिला प्रश्न असा होता की महिला मंडळाच्या नाताळच्या करंज्यांचे पीठ या वर्षी कोणी मळले. ते काम तिचे होते. तिला बोलावणे आले नव्हते.

पंचांनो, आपण विचाराल की मग मंडळीने करायचे तरी काय, किराणा दिला, प्रार्थना केली, याहून अधिक काय करावे? याचे उत्तर मला मोशेच्या नियमशास्त्रात सापडले, आणि तेही लेवीयाच्या अशा दोन अध्यायांत, जे घरच्या प्रार्थनेत वाचण्याची पाळी आली की आपण गाळतो. तेराव्या अध्यायात चर्मरोग झालेल्या माणसाने काय करावे हे सांगितले आहे: कपडे फाडावे, केस मोकळे सोडावे, वरचा ओठ झाकावा, 'अशुद्ध, अशुद्ध' असे ओरडावे आणि छावणीबाहेर एकटे राहावे. जुन्या भाषांतरांनी याला महारोग म्हटले. पण तो कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही होत असे, त्यामुळे आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तोच तो, असे म्हणता येत नाही. त्या एका शब्दाने पुष्कळांचे आयुष्य मात्र नासले. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो हे सिद्ध होऊन काही दशके उलटली, तरी आपल्याला लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात तो घटस्फोटाचे एक कारण म्हणून २०१९ पर्यंत नोंदलेला होता.

तेरावा अध्याय सर्वांना ठाऊक असतो, चौदावा नसतो. चौदाव्यात तो माणूस परत कसा आणावा हे सांगितले आहे, आणि पहिलीच गोष्ट अशी की याजकाने छावणीच्या बाहेर जावे. रोगी आत येऊन याजकाच्या दारात उभा राहत नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे तो उठून बाहेर जातो. मग दोन पक्षी, गंधसरूचे लाकूड, एजोब नावाची वनस्पती, वाहते पाणी, सात दिवसांची वाट. आणि आठव्या दिवशी याजक दोषार्पणाच्या कोकराचे रक्त त्या माणसाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. त्यावर तेल लावतो आणि हातात उरलेले तेल त्याच्या डोक्यावर घालतो. आता याच पुस्तकाचा आठवा अध्याय उघडून पाहावा. अहरोन आणि त्याचे पुत्र यांना याजकपदावर बसवताना मोशेने रक्त कोठे लावले? उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला. छावणीबाहेर काढलेल्या माणसाला आत घेण्याचा विधी याजकाच्या दीक्षेशी इतका जुळणारा आहे. तो माणूस गरीब असेल तर कोकरे कमी चालतील, दोन होले चालतील, अशी सवलतही आहे. पण कान आणि अंगठे यांत सवलत नाही. गरिबाला अर्पण कमी लागते, मान तेवढाच द्यावा लागतो. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

मार्काच्या पहिल्या अध्यायात येशूने अशाच एका माणसाला हात लावला आणि याजकाकडे जाऊन स्वतःला दाखव, असे सांगितले. कातडी बरी झाली तेवढ्याने काम संपले नव्हते. त्याची जागा त्याला चारचौघांत परत मिळायला हवी होती. अध्यायाच्या शेवटी मात्र जागांची अदलाबदल होते. त्या माणसाने गोष्ट गावभर केली, आणि येशूला उघडपणे नगरात जाता येईना. तो बाहेर, रानात राहिला. जो बाहेर होता तो आत गेला, जो आत होता तो बाहेर गेला. इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात हेच वधस्तंभाविषयी लिहिले आहे, की येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, तर चला, आपणही त्याची अप्रतिष्ठा सोशीत छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. मराठी भाषांतरात 'वेशीबाहेर' हा शब्द वाचताना आपल्या आजा-पणजांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आता ईयोबाच्या शेवटच्या अध्यायाकडे येतो, पण दुप्पट मेंढरांसाठी नव्हे. आपल्या मंडळ्यांत एक शब्दप्रयोग रूढ आहे: 'प्रार्थनेचा विषय'. अमुक बंधू प्रार्थनेचा विषय आहेत. मी चार वर्षे प्रार्थनेचा विषय होतो. माझ्या कर्जाचा आकडा माइकवरून सांगितला गेला, पत्नीला शौचाला कोण नेते हे कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभेत, सांगितले गेले, व्हॉट्सअॅपच्या गटावर तिचा झोपलेला फोटो टाकला गेला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. आम्हाला कोणीही विचारले नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ प्रार्थनेसाठी उघडली गेली. बेचाळिसाव्या अध्यायात देव काय करतो ते पाहावे. तो अलीफजाला सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसे यथार्थ बोलला नाही. तर सात बैल व सात एडके घेऊन त्याच्याकडे जा, आणि माझा सेवक ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील, त्याची मी ऐकेन. ईयोब अजून राखेतच आहे. मेंढरे परत आलेली नाहीत, मुले जन्मलेली नाहीत. त्याची कातडी बरी झाल्याचे तर पुस्तकात शेवटपर्यंत लिहिलेले नाही. त्या अवस्थेत देव त्याला प्रार्थनेचा विषय करीत नाही, प्रार्थना करणारा करतो. ज्यांनी त्याला उपदेश केला, त्यांना त्याच्या दारी पाठवतो. आणि त्याने मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा परमेश्वराने त्याचे दिवस पालटले, असा क्रम तेथे स्पष्ट आहे. आधी काम परत मिळाले, मेंढरे नंतर.

लगेच पुढच्या ओळीत त्याचे सगळे भाऊबहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे लोक येतात, तेच ज्यांच्याविषयी तो एकोणिसाव्या अध्यायात रडला होता. ते त्याच्या घरी त्याच्याबरोबर जेवतात, त्याचे सांत्वन करतात, आणि प्रत्येक जण एक नाणे व एक सोन्याची अंगठी देतो. त्याच्या घरी जेवतात, हे मी मुद्दाम अधोरेखित करतो. आमच्याकडे भेटीला आलेली पंचमंडळी चहा घेत नसत. 'कशाला उगीच, तुमची अडचण,' असे म्हणून कपाला हात न लावता प्रार्थना करून उठत. दूध उरे, आणि पत्नी दुसऱ्या खोलीतून विचारी, 'घेतला का त्यांनी?' मी 'घेतला' म्हणत असे. ईयोबाचे भाऊ अंगठी घेऊन आले, पण आधी त्याच्या ताटात जेवले.

नवीन दहा मुलांपैकी तिघी मुलींची नावे पुस्तकात दिली आहेत, मुलग्यांची नाहीत, आणि बापाने मुलींनाही भावांबरोबर वतन दिले असे लिहिले आहे. वेशीतल्या बैठकीचा उल्लेख मात्र पुन्हा येत नाही. ईयोब राखेतून काही शिकून उठला, एवढाच याचा अर्थ मी घेतो. अधिक ताणत नाही.

हे सारे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण आपल्याच प्रांतात ते घडलेले आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, स्वतः त्या ऐन तारुण्यात विधवा झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या आपल्या मुक्ती या आश्रमात त्यांना अन्न तर दिलेच, पण काम शिकवले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, तेव्हा ते तेथील छापखान्यात छापण्याच्या कामात या स्त्रियांचे हात होते. ज्यांना गावाने टाकले होते, त्यांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळवले. १९२२ साली रमाबाई वारल्या. ते भाषांतर आजही वाचता येते.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. कोणाचे दुःख माइकवरून सांगण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर त्याचे नाव न घेताही देवाला ते कळते यावर आपण विश्वास ठेवावा. हिशेबाची किल्ली काढून घ्यावी लागली तर जरूर घ्यावी, पण त्याच आठवड्यात त्या माणसाला दुसरे एखादे काम द्यावे, मग ते गीतपुस्तके वाटण्याचे का असेना. आजारी माणसाच्या घरी गेल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि निघण्यापूर्वी त्यालाही आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगावी. साक्ष देण्यासाठी त्याचे दिवस पालटण्याची वाट पाहू नये. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे. आपल्या उपासनेत ते एकदाही वाचले गेल्याचे मला स्मरत नाही. आणि चहा घ्यावा.

येशू मंदिरात दानपेटीसमोर बसला होता तेव्हा एका दरिद्री विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी मोलाची दोन नाणी, टाकल्या. त्याने तिला थांबवले नाही, तुझी अडचण आहे, राहू दे, असे म्हटले नाही. तिच्या दोन टोल्या पेटीत पडू दिल्या आणि मग शिष्यांना जवळ बोलावून सांगितले की हिने सर्वांहून अधिक टाकले.

माझी पत्नी आता काठी घेऊन चालते. येत्या रविवारी आम्ही दोघे उपासनेला येऊ आणि डावीकडच्या चौथ्या बाकावर बसू. थैली फिरवणाऱ्या त्या तरुणाला माझ्यावरून काही बोलू नये, तो चांगला मुलगा आहे. थैली त्या बाकावरही थांबवावी, आणि ती डाव्या बाजूने धरावी, कारण माझ्या पत्नीचा उजवा हात अजून उचलत नाही. एवढेच कृपा करून त्याला सांगावे.

आपला,
मंडळीचा एक सभासद